सीमेवरची गृहीतकं आधी लिहा: वायरलेस मानकगटांमध्ये सामायिक आर्किटेक्चरचा समन्वय कसा साधायचा

वायरलेस नेटवर्कची मानकं एका छपराखाली लिहिली जात नाहीत. वाय-फायचा रेडिओ आणि मॅक थर (दुव्यावर कोणी कधी बोलायचं हे ठरवणारा थर) आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२ समितीतला ८०२.११ कार्यगट लिहितो. ब्रिजिंग (नेटवर्कचे तुकडे आयपीच्या खालच्या थरावर जोडणं), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी भाग) आणि पोर्टवरचं प्रमाणीकरण ८०२.१ कार्यगटाकडे असतं. कमी ऊर्जेवर चालणाऱ्या सेन्सरच्या जोडण्या ८०२.१५ कडे, त्यावरचं आयपी आयईटीएफ या इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या संस्थेकडे, मोबाइल नेटवर्क थ्रीजीपीपी या मोबाइल मानकांच्या संघटनेकडे. उपकरणांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आणखी वेगळ्या. यातल्या बहुतेकांच्या मजकुरातून एकाच फोनमधून निघालेली एकच फ्रेम (दुव्यावरून जाणारा डेटाचा गठ्ठा) जात असते.

या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गोंधळ गटांच्या आतल्या मजकुरात क्वचितच असतो. प्रत्येकाचा मजकूर आपापल्या जागी बरोबर असतो. चुकतं ते शेजाऱ्याबद्दल धरलेलं आणि कुठेच न लिहिलेलं गृहीतक. म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या दोन सूत्रांभोवती आहेत: सीमेवरची गृहीतकं कागदावर आणा, आणि प्रत्येक व्याख्येला एकच मालक ठरवा. एखाद्या गटात लिएझनची, म्हणजे दुसऱ्या गटांशी संपर्क ठेवण्याची, जबाबदारी नव्याने आली असेल, किंवा तुमच्या प्रकल्पाला दुसऱ्या गटाच्या मानकाला हात लावावा लागणार असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

पहिली पायरी: जोड कोणत्या थरावर आहे ते ठरवा

दोन तंत्रज्ञानं एकत्र चालवायची म्हटलं की चर्चा लगेच फ्रेमच्या रचनेत शिरते. ती थांबवा आणि आधी विचारा: हे दोन भाग ब्रिजने जोडायचे आहेत की आयपीच्या पातळीवर राउट करायचे आहेत? या एका उत्तरावर कोणाला बोलवायचं हे ठरतं.

८०२.१५.४ चं उदाहरण घ्या. त्याच्या मूळ रचनेत भौतिक थराची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची, आणि पत्ते ६४ बिटांचे किंवा १६ बिटांचे छोटे. इथरनेट आणि वाय-फायचे पत्ते ४८ बिटांचे. आयपीव्ही६ ला तर प्रत्येक दुव्यावर किमान १२८० बाइटचं पॅकेट जायला हवं. असं जाळं इथरनेटला साध्या ब्रिजने जोडणं म्हणजे दोन्ही बाजूंना न झेपणारी तडजोड. म्हणून जोड आयपीवर केली गेली. आयईटीएफने २००७ मध्ये आरएफसी ४९४४ (आरएफसी म्हणजे आयईटीएफचा क्रमांकित दस्तऐवज) काढून पॅकेटचे तुकडे करण्याची आणि हेडर आवळण्याची सोय मधल्या अनुकूलन थरात ठेवली. ८०२.१५ ला आपली फ्रेम बदलावी लागली नाही, आयपीव्ही६ लाही आपली किमान मर्यादा खाली आणावी लागली नाही. कोणता थर वाकणार हे आधी ठरलं की काम असं सरळ होतं.

हे उत्तर दोन-तीन वाक्यांत लिहा आणि प्रकल्पाच्या पहिल्या सादरीकरणात ठेवा. सहा महिन्यांनी कोणीतरी तोच वाद उकरून काढणारच.

दुसरी पायरी: कोण कसा निर्णय घेतो ते समजून घ्या

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अडतं.

आयईईई ८०२ च्या कार्यगटांत सभासद व्यक्ती म्हणून मत देतात आणि तांत्रिक ठरावाला ७५ टक्के पाठिंबा लागतो. थ्रीजीपीपीत सभासद कंपन्या असतात आणि काम तीन टप्प्यांत चालतं: पहिल्यात सेवेच्या गरजा, दुसऱ्यात आर्किटेक्चर, तिसऱ्यात प्रोटोकॉलचा तपशील. आर्किटेक्चरचा प्रश्न एसए२ गटाकडे जातो, सुरक्षेचा एसए३ कडे. पत्र चुकीच्या गटाकडे गेलं तर ते फिरत फिरत योग्य जागी पोचेपर्यंत एक-दोन बैठका उलटतात. आयईटीएफमध्ये औपचारिक मतदान नाही. ढोबळ सहमती झाली की नाही हे गटाचे अध्यक्ष ठरवतात, आणि अंतिम शब्द ईमेल यादीवरचा असतो, बैठकीतला नाही.

मसुदे कोणाला दिसतात यातही फरक आहे. आयईटीएफचे मसुदे आणि थ्रीजीपीपीची कागदपत्रं सर्वांना खुली असतात. आयईईईचे चालू मसुदे मात्र सभासदांपुरते असतात. आयईटीएफच्या लोकांना ते कसे पाहता येतील याची व्यवस्था दोन्ही संस्थांनी ठरवली आहे आणि ती २०१४ च्या आरएफसी ७२४१ मध्ये लिहिलेली आहे. तेव्हा आयईईईच्या मसुद्यातला परिच्छेद उचलून खुल्या कागदपत्रात चिकटवू नका. परवानगी घ्या, नाहीतर स्वतःच्या शब्दांत आशय मांडा.

वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा. ८०२ च्या प्लेनरी, म्हणजे सगळ्या गटांच्या एकत्र, बैठका मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये होतात. वायरलेस गटांच्या मधल्या बैठका जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. आयईटीएफच्या तीन बैठकाही मार्च, जुलै आणि नोव्हेंबरच्या आसपास येतात. प्रश्न एका बैठकीत सुचला, पुढच्या बैठकीत मंजूर झाला आणि समोरच्या गटाने त्याच्या पुढच्या बैठकीत उत्तर दिलं, तर अर्धं वर्ष गेलं म्हणून समजा. प्रकल्पाचा आराखडा करताना हे अंतर आधीच धरा.

तिसरी पायरी: गृहीतकांची वही

पूर्ण प्रक्रियेत माझा सर्वात जास्त भर यावर असतो. एक साधा तक्ता करा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: गृहीतक काय, ते कोणत्या मानकाच्या कोणत्या कलमात दडलं आहे, आपला प्रकल्प ते मोडतो का, आणि मोडत असेल तर कोणाला सांगायचं. सुरुवात करताना पुढचे विषय एकेक करून तपासा: पत्ता, फ्रेमचा सर्वात मोठा आकार, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवणं) आणि मल्टिकास्ट (एकदम अनेकांना पाठवणं), फ्रेमचा क्रम, वेळेची अचूकता, दुवा चालू-बंद असल्याची सूचना, आणि सुरक्षेची सुरुवात कुठून होते.

मल्टिकास्टकडे आधी बघा. वायरवरच्या इथरनेटमध्ये मल्टिकास्ट फ्रेम पाठवणं युनिकास्टइतकंच, म्हणजे एकालाच पाठवण्याइतकंच, स्वस्त असतं. आयपीव्ही६ मध्ये शेजारी शोधण्याचं काम याच भरवशावर मल्टिकास्टवर टाकलं आहे. वाय-फायमध्ये गणित उलटं आहे. ॲक्सेस पॉइंटने (वाय-फायच्या मध्यवर्ती उपकरणाने) हवेत सोडलेल्या मल्टिकास्ट फ्रेमला पोच मिळत नाही, हरवली तर ती पुन्हा पाठवली जात नाही, आणि लांबच्या स्टेशनलाही (जोडलेल्या उपकरणालाही) ऐकू जावी म्हणून ती सहसा कमी वेगाने पाठवतात. म्हणजे ती हवा जास्त वेळ अडवते, वर पोचण्याची खात्रीही कमी. दोन्ही मानकं आपापल्या जागी बरोबर होती. "मल्टिकास्ट स्वस्त आणि भरवशाचं आहे" हे वाक्य मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यावर कोणी हरकतही घेऊ शकलं नाही. २०२१ च्या आरएफसी ९११९ मध्ये हा प्रश्न आणि त्यावरचे उपाय एकत्र मांडले गेले, तोवर अशी असंख्य जाळी उभी राहिली होती.

दुसरं उदाहरण मॅक पत्त्याचं, म्हणजे फ्रेमवर लिहिलेल्या ४८ बिटांच्या पत्त्याचं. "पत्ता म्हणजे उपकरण" हे गृहीतक किती ठिकाणी रुजलेलं होतं ते फोन यादृच्छिक पत्ते वापरू लागले तेव्हा कळलं. प्रवेशाच्या याद्या, डीएचसीपीची (आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या यंत्रणेची) वाटपं, पालकांनी मुलांच्या उपकरणांवर घातलेली बंधनं, जाळ्यातल्या बिघाडाचा माग काढणं, सगळं त्यावर बेतलेलं. पत्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये खालून दुसरा बिट स्थानिक पत्त्याची खूण म्हणून पूर्वीपासून राखलेला होता, पण त्या जागेचा वापर कसा करायचा याची शिस्त नव्हती. ती ८०२सी या सुधारणेने २०१७ मध्ये घालून दिली आणि स्थानिक पत्त्यांचे चार विभाग केले. कोणत्या विभागातला पत्ता हवा हे डीएचसीपीव्ही६ मधून सांगायची सोय आयईटीएफने २०२० मध्ये आरएफसी ८९४८ ने केली. पत्ता बदलला तरी सेवा तुटू नये यासाठी ८०२.११ मध्ये वेगळा प्रकल्प निघाला, आणि आयईटीएफमध्येही त्यासाठी गट स्थापन झाला. एका बिटाच्या वापरासाठी इतक्या ठिकाणी काम उघडावं लागलं. वहीत ही ओळ आधीच असती तर ही कामं एकमेकांच्या मागे धावण्याऐवजी बरोबरीने निघाली असती, असं माझं ठाम मत आहे.

वाय-फाय ७ मधल्या बहुदुवा जोडणीला हाच तपास लावून बघा. एका उपकरणाचे अनेक रेडिओ दुवे, प्रत्येक दुव्याला स्वतःचा पत्ता, आणि वरच्या थरांना दिसणारा सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. आता वहीत विचारा: ब्रिज कोणता पत्ता शिकणार? हवेतली फ्रेम टिपून बिघाड शोधणाऱ्याला कोणता पत्ता दिसणार? दोन दुव्यांवरून आलेल्या फ्रेमचा क्रम कोण लावणार? उत्तरं मानकात आहेत. ती शेजारच्या गटाला शोधावी लागू नयेत, हे तुमचं काम.

चौथी पायरी: प्रत्येक व्याख्येला एकच घर

एकच यंत्रणा दोन मानकांत वर्णन केली की काही वर्षांत ती दोन यंत्रणा होतात. नियम असा ठेवा: व्याख्या एका ठिकाणी, बाकी सगळीकडे फक्त संदर्भ.

याचं उत्तम उदाहरण वाय-फायची सुरक्षा आहे. २००४ मध्ये ८०२.११आय आलं तेव्हा प्रमाणीकरणाची पूर्ण साखळी नव्याने लिहिण्याचा मोह सहज झाला असता. तसं केलं गेलं नाही. ईएपी हा प्रमाणीकरणाचा साचा आयईटीएफचाच राहिला, त्याच वर्षीच्या आरएफसी ३७४८ मध्ये. पोर्ट उघडायचं की बंद ठेवायचं, आणि ईएपीचे संदेश लॅनवरून कसे न्यायचे, हे ८०२.१एक्स मध्ये. चार पायऱ्यांचा हस्तांदोलन-विधी आणि त्यातून निघणाऱ्या किल्ल्या ८०२.११ मध्ये. वायरलेस लॅनसाठी ईएपीच्या पद्धतीत कोणते गुण हवेत हे ८०२.११ ने आयईटीएफला कळवलं आणि ते २००५ मध्ये आरएफसी ४०१७ म्हणून छापलं गेलं. तीन मालक, तीन सीमा, आणि सीमा ओलांडणारी वस्तू नेमकी एक: प्रमाणीकरणातून मिळालेली मूळ किल्ली. पुढे मोबाइल नेटवर्कला सिमच्या आधाराने वाय-फायवर प्रवेश द्यायचा होता, तेव्हा थ्रीजीपीपीला ८०२.११ ची फ्रेम बदलावी लागली नाही. ईएपीचीच एक नवी पद्धत पुरली.

तुमच्या प्रकल्पासाठीही असंच करा. कागदावर तीन रकाने आखा: वस्तू, मालक, संदर्भ देणारे. मालक ठरत नसेल तर तो वाद आधी मिटवा. मालकाविना लिहिलेलं कलम पुढे कोणीच दुरुस्त करत नाही.

पाचवी पायरी: जोडप्रकल्प काढायचा तर कात्री कुठे लावायची

कधी दोन्ही मानकं एकदमच बदलावी लागतात. वाय-फाय आणि ब्रिज यांचं जुनं भांडण असंच मिटलं. ते जवळून बघण्यासारखं आहे.

वाय-फायचं स्टेशन ॲक्सेस पॉइंटकडे फ्रेम पाठवतं तेव्हा नेहमीच्या रचनेत तीन पत्ते असतात: घेणारा ॲक्सेस पॉइंट, पाठवणारं स्टेशन आणि अंतिम ठिकाण. पाठवणारा आणि मूळ स्रोत एकच, असं त्यात गृहीत आहे. स्टेशनच्या मागे वायरने दुसरं यंत्र जोडलं तर त्याचा पत्ता लिहायला जागाच उरत नाही. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. स्टेशनकडून आलेली मल्टिकास्ट फ्रेम ॲक्सेस पॉइंट सगळ्यांसाठी पुन्हा हवेत सोडतो. साधं स्टेशन स्वतःचा पत्ता ओळखून ती टाकून देतं. पण स्टेशनच्या जागी ब्रिज असेल आणि फ्रेम त्याच्या मागच्या यंत्राची असेल, तर ब्रिजला वाटतं की ते यंत्र आता हवेच्या बाजूला गेलं. त्याचा पत्त्यांचा तक्ता बिघडतो. उत्पादकांनी चार पत्त्यांच्या फ्रेमपासून पत्ते बदलून पाठवण्यापर्यंत आपापल्या युक्त्या काढल्या, आणि एकाची युक्ती दुसऱ्याशी जुळेना.

तोडगा दोन प्रकल्पांच्या जोडीने निघाला: ८०२.१ कडून ८०२.१क्यूबीझेड, जो २०१६ मध्ये आला, आणि ८०२.११ कडून ८०२.११एके, जो २०१८ मध्ये आला. कात्री अशी लागली की ॲक्सेस पॉइंट आणि प्रत्येक स्टेशन यांच्यातला दुवा ब्रिजला स्वतंत्र, दोन टोकांच्या पोर्टसारखा दिसेल. हवेत फ्रेमची रचना काय असेल, आणि मल्टिकास्ट निवडक स्टेशनांनाच कशी पोचवायची, हे ८०२.११ ने बघायचं. असे पोर्ट घेऊन ब्रिजने कसं वागायचं हे ८०२.१ ने बघायचं. दोघांनी एकमेकांच्या आत डोकावायचं नाही.

जोडप्रकल्प काढताना ही कसोटी लावा: सीमा एका वाक्यात सांगता येते का? "प्रत्येक दुवा हे एक पोर्ट" हे एक वाक्य आहे. तुमच्या सीमेला अर्धं पान लागत असेल तर कात्री चुकीच्या जागी लागली आहे.

आयईईई ८०२ मध्ये नवा प्रकल्प मांडताना त्याचं प्राधिकरण-पत्र आणि निकषांचं उत्तर-पत्रक द्यावं लागतं. सुसंगततेच्या निकषात ८०२ च्या आर्किटेक्चरशी, ८०२.१एसी (मॅक सेवेची व्याख्या) शी आणि ८०२.१क्यू (ब्रिजचं मानक) शी प्रकल्प जुळतो का हे विचारलेलं असतं, आणि जुळत नसेल तर तो फरक ८०२.१ गटासमोर उघड करावा लागतो. बरेच जण तिथे "हो" लिहून पुढे सरकतात. तुम्ही तिथे गृहीतकांची वही जोडा. इतर गट हे पत्र वाचून प्लेनरीत लेखी शेरे देतात, आणि आर्किटेक्चरचा पेच मसुद्याआधी सोडवण्याची ती सर्वात स्वस्त संधी असते.

सहावी पायरी: लिएझन-पत्र

पत्राला उत्तर न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पत्रात प्रश्नच नसतो. "आम्ही अमुक काम सुरू केलं आहे, आपल्या माहितीसाठी" असं लिहिलं की समोरचा गट माहिती घेतो आणि बाजूला ठेवतो. उत्तर हवं असेल तर पत्र असं हवं:

"आमच्या मसुद्यात स्टेशनचा मॅक पत्ता एका जोडणीच्या काळात स्थिर राहतो, पण दोन जोडण्यांच्या मध्ये बदलू शकतो. आपल्या मानकात जोडणी तुटून पुन्हा जुळल्यावर तेच उपकरण ओळखण्यासाठी मॅक पत्ता वापरला जातो का, आणि जात असल्यास कोणत्या कलमात? त्याऐवजी आम्ही वरच्या थराला वेगळी ओळख पुरवली तर ती चालेल का? जुलैच्या बैठकीत आम्ही मसुदा मतदानाला पाठवणार आहोत, त्याआधी उत्तर मिळालं तर बदल करता येतील."

यात वस्तुस्थिती आहे, हो-नाहीत देता येईल असा प्रश्न आहे, पर्याय आहे आणि तारीख का महत्त्वाची हेही आहे. एका पत्रात दोनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. पत्र गटाच्या मंजुरीने, अध्यक्षांच्या सहीनेच जाऊ द्या. वैयक्तिक ईमेल कितीही सोयीची वाटली तरी गटाचं मत म्हणून ती धरली जात नाही. मात्र पत्र जाण्याआधी समोरच्या गटातल्या जाणत्या माणसाला कच्चा मजकूर जरूर दाखवा. दोन्ही गटांत नियमित बसणारी माणसं सोन्यासारखी असतात. त्यांना आधी विचारलं तर चुकीचा प्रश्न पाठवण्याची वेळ येत नाही.

हवेची वाटणी वेगळी ठेवा

एकाच पट्ट्यात दोन तंत्रज्ञानं शेजारी नांदणं हा आर्किटेक्चरचा प्रश्न नाही. तो त्याच बैठकीत मिसळला की दोन्ही विषय बिघडतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये परवाना नसलेल्या पट्ट्यात एलटीई आणायचं ठरलं तेव्हा मुख्य वाद उंबरठ्यांचा होता, म्हणजे हवेत किती ताकदीचा संकेत ऐकू आला की थांबायचं याचा. वाय-फाय २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत दुसऱ्या वाय-फायची फ्रेम ओळखून उणे ८२ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे संकेताच्या ताकदीचं माप) थांबतं, पण अनोळखी संकेतासाठी उणे ६२ ला. एलटीईच्या बाजूने उणे ७२ ची कमाल मर्यादा आली. यात थर, पत्ते, सीमा काहीच नाही. आहे ते मोजमाप आणि वाटाघाटी. ८०२ मध्ये यासाठी ८०२.१९ हा स्वतंत्र गट आहे आणि सहअस्तित्वाचं मूल्यमापन वेगळ्या दस्तऐवजात मागितलं जातं. तो विषय तिकडेच पाठवा.

मसुदा बाहेर आल्यावर

सगळं ठरवूनही मसुद्यात सीमा सरकते, कारण संपादन करणारा माणूस तुमच्या चर्चेत असतोच असं नाही. म्हणून मतदानाच्या प्रत्येक फेरीत वही आणि मसुदा शेजारी ठेवून वाचा. शेरा देताना पान, ओळ, अडचण आणि बदली मजकूर चारही द्या. "८०२.१ शी विसंगत वाटतं" हा शेरा फेटाळला जातो. "या वाक्याने स्टेशनला ब्रिजचं पत्ता शिकण्याचं काम दिलं आहे, ते ८०२.१क्यू चं आहे, वाक्य वगळून संदर्भ द्यावा" हा शेरा सहसा स्वीकारला जातो.

एक इशाराही द्यायला हवा. सीमा सुंदर आखली तरी पलीकडच्याने ती वापरली नाही तर काम वाया जातं. ८०२.२१ ने २००८ मध्ये वाय-फाय, वायमॅक्स आणि मोबाइल जाळ्यांमध्ये अखंड हस्तांतरणासाठी घटना, आज्ञा आणि माहितीसेवा यांचा सामायिक थर मांडला. रचना विचारपूर्वक केलेली होती. पण तो थर चालायला प्रत्येक माध्यमाने आपल्या मानकात त्याच्यासाठी जागा करणं भाग होतं, आणि मोबाइलच्या बाजूने थ्रीजीपीपीने स्वतःची वेगळी व्यवस्था उभी केली. प्रत्यक्षात त्याचा फारसा वापर झाला नाही. म्हणून सामायिक थर सुचवण्याआधी प्रत्येक संबंधित गटात तो आपल्या मसुद्यात घेणारा निदान एक संपादक नावानिशी हवा. तो नसेल तर प्रकल्प लहान करा आणि ज्या गटांची तयारी आहे त्यांच्यापुरती सीमा आखा.

मानक छापून झाल्यावर दोन कामं राहतात. पहिलं संदर्भांचं. ८०२.११ चं मूळ मानक दर काही वर्षांनी सगळ्या सुधारणा पोटात घेऊन नव्याने निघतं, २०१२, २०१६, २०२० असं, आणि त्यात कलमांचे क्रमांक हलतात. कलम क्रमांकाचा संदर्भ द्यायचा असेल तर वर्ष लिहाच. वर्ष न लिहिता संदर्भ द्यायचा असेल तर तो पूर्ण मानकाला द्या, कलमाला नको. दुसरं मालकीचं. गट कायमचे नसतात, ८०२.१६ (वायमॅक्सचा गट) आणि ८०२.२१ दोन्ही आज सक्रिय नाहीत. चौथ्या पायरीतला मालकांचा तक्ता दर प्लेनरीला उघडून बघा, आणि एखादा मालक गट काम आवरतं घेत असल्याचं दिसलं तर त्याच्या कलमांची देखभाल कोणाकडे जाणार हे तो गट बसत असतानाच लेखी ठरवून घ्या.